डेस्कटॉपशिवाय फोटो: लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर चित्र कसं उमटतं

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, डेस्कटॉप टाकलेला नाही. समोर काळा पडदा, लॉगिनची ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. फोल्डरमध्ये दोनशे फोटो पडलेत आणि हवाय तो नेमका कुठला, हे नावांवरून कळत नाही. अशा वेळी बहुतेक जण फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जातात, नाहीतर एका फोटोपायी अख्खा डेस्कटॉप बसवतात. दोन्हींची गरज नाही. पडद्यावर अक्षरं दिसतायत, याचाच अर्थ ठिपके रंगवण्याची यंत्रणा आधीच चालू आहे. अक्षरंही शेवटी ठिपक्यांचीच असतात.

घोळ होतो तो दुसरीकडेच. ‘कन्सोल’ या एका शब्दात लोक तीन निरनिराळ्या जागा कोंबतात आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी चालवून बघतात. मग विचित्र एरर येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एरर येतच नाही आणि चित्रही दिसत नाही. म्हणून सुरुवात जागा ओळखण्यापासून.

त्याआधी एक खुलासा. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी जागा ओळखा

‘टीटीवाय’ ही कमांड द्या. उत्तर ‘/डेव्ह/टीटीवाय१’ किंवा ‘/डेव्ह/टीटीवाय३’ असं आलं, तर तुम्ही खऱ्या आभासी कन्सोलवर आहात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून येतो तो हाच. इथे अक्षरं काढण्याचं काम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः करतो आणि मॉनिटरचा प्रत्येक पिक्सेल तुमच्या हाताशी असतो.

उत्तर ‘/डेव्ह/पीटीएस/०’ असं आलं, तर तुम्ही टर्मिनलच्या खिडकीत आहात किंवा एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून, आत शिरला आहात. इथे पिक्सेल तुमच्या ताब्यात नसतात. तुम्ही अक्षरांचा प्रवाह पाठवता आणि पलीकडचा टर्मिनल प्रोग्रॅम तो रंगवतो. त्या प्रोग्रॅमला चित्राची भाषा येत असेल तरच खरं चित्र उमटेल.

‘/डेव्ह/टीटीवाय’ नंतर मोठा एस आणि शून्य, असं उत्तर असेल तर तुम्ही सिरियल केबलवर आहात. इथे पिक्सेल ही कल्पनाच नाही. ही केबल किती अरुंद आहे, हे एका हिशोबातून कळतं. १,१५,२०० बॉडच्या वेगाने सेकंदाला ११,५२० बाइट जातात. फुल एचडी पडद्याचं कच्चं चित्र ८२,९४,४०० बाइटचं. म्हणजे एका चित्राला बरोबर १२ मिनिटं, आणि एवढं करून ते काढायला समोर पडदाच नाही.

## फ्रेमबफर: पडद्याची जमीन

खऱ्या कन्सोलवर चित्र दाखवायची सर्वांत जुनी आणि समजायला सर्वांत सोपी वाट म्हणजे फ्रेमबफर. लिनक्स कर्नलच्या १९९९ सालच्या २.२ आवृत्तीपासून तो साध्या पीसीवरही रुळला. ‘/डेव्ह/एफबी०’ नावाची एक फाइल दिसते, पण ती डिस्कवर नसते. पडद्यावर जे दिसतंय त्याची मेमरी म्हणजेच ती फाइल. तिच्यात लिहाल ते पडद्यावर दिसतं, तिच्यातून वाचाल ते पडद्यावर होतं.

या फाइलचा आकार पडद्यावरून ठरतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि प्रत्येकाला ४ बाइट. त्यातले तीन बाइट रंगाचे, चौथा बहुधा रिकामा. साध्या पीसीवर या बाइटांचा क्रम आधी निळा, मग हिरवा, मग लाल असा असतो. तो उलटा धरला तर आकाश नारिंगी आणि माणसांचे चेहरे निळसर दिसतात. रंगांची अशी अदलाबदल दिसली की फोटो बिघडलाय असं समजू नका, आधी बाइटांचा क्रम तपासा.

आणखी एक बारकावा आहे, तो नीट बघण्यासारखा. १३६६ गुणिले ७६८ चा लॅपटॉप घ्या. एका ओळीत १३६६ पिक्सेल, म्हणजे ५,४६४ बाइट हवेत. पण ग्राफिक्स चिपला ओळीची सुरुवात ६४च्या पटीत हवी असते, त्यामुळे बऱ्याच मशीनवर ती ओळीला ५,५०४ बाइट देते. शेवटचे ४० बाइट, म्हणजे १० पिक्सेलांची जागा, पडद्यावर दिसतच नाहीत. या एकूण लांबीला स्ट्राइड म्हणतात आणि ती ‘/सिस/क्लास/ग्राफिक्स/एफबी०/स्ट्राइड’ या फाइलमध्ये वाचता येते. शेजारच्याच फाइलींत रिझोल्यूशन आणि पिक्सेलमागे किती बिट तेही असतं.

आता डावीकडून १०० आणि वरून ५० या जागी लाल ठिपका ठेवायचाय. ५० गुणिले ५,५०४ म्हणजे २,७५,२००. त्यात १०० गुणिले ४ मिळवले की २,७५,६००. फाइलच्या या ठिकाणी ०, ०, २५५, ० हे चार बाइट लिहिले की ठिपका लाल होतो. कुठल्याही चित्रदर्शक प्रोग्रॅमचं काम अखेर एवढंच, फक्त लाखो वेळा केलेलं. स्ट्राइड न बघता १३६६ वरच गणित केलं तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल सरकते आणि चित्र तिरक्या पट्ट्यांत फाटल्यासारखं दिसतं. असा तिरकेपणा दिसला की जवळजवळ नेहमी दोष स्ट्राइडचाच असतो.

यंत्रणा जिवंत आहे का, हे बघायला एक झटपट चाचणी आहे. खऱ्या कन्सोलवर ‘कॅट /डेव्ह/युरँडम > /डेव्ह/एफबी०’ अशी कमांड द्या. पडदा रंगीबेरंगी खळखळाटाने भरतो आणि ‘डिव्हाइसवर जागा उरली नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन कमांड थांबते. हा संदेश अपेक्षितच आहे, कारण फाइल पडद्याएवढीच असते आणि ती भरली. ‘क्लिअर’ दिलं की सगळं पुसलं जातं. मात्र हे रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून करताना डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा. एफबी० च्या जागी चुकून हार्ड डिस्कचं नाव गेलं तर डिस्कवरचा डेटा जाईल, आणि तो ‘क्लिअर’ने परत येत नाही.

## परवानगीचा खिळा

फाइलच सापडत नाही की परवानगी नाही, हे आधी वेगळं करा. ‘एलएस -एल /डेव्ह/एफबी०’ दिल्यावर बहुतेक वितरणांत मालक रूट आणि गट ‘व्हिडिओ’ दिसतो. तुम्ही त्या गटात नसाल तर परवानगी नाकारली जाते. उपाय सरळ आहे: ‘सुडो यूजरमॉड -ए’ आणि त्या ए ला चिकटून मोठा जी, मग ‘व्हिडिओ’, मग तुमचं युजरनेम. त्यातला ‘ए’ विसरलात तर तुम्ही व्हिडिओ गटात जाल, पण बाकीच्या सगळ्या जोड-गटांतून बाहेर पडाल. त्यात सुडोचा, म्हणजे रूटचे अधिकार तात्पुरते वापरू देणारा, गटही आला. मग दुरुस्ती करायलाच अधिकार उरत नाही. ‘ए’ म्हणजे आहे त्यात भर घाल.

नवा गट पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. ‘आयडी’ कमांडने खात्री करा. ही परवानगी हलक्यात घेऊ नये. व्हिडिओ गटातला माणूस फ्रेमबफर वाचूही शकतो, म्हणजे त्या कन्सोलवर दुसऱ्या कुणी उघडलेला मजकूरही त्याला टिपता येतो. अनेक जण वापरत असलेल्या मशीनवर सरसकट सगळ्यांना या गटात घालणं चूक आहे.

फाइलच नसेल तर कारण ड्रायव्हरमध्ये शोधा. ‘/प्रॉक/एफबी’ वाचली की कर्नलला कोणते फ्रेमबफर माहीत आहेत ते कळतं. ती रिकामी असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर चढलेला नाही, किंवा कर्नल बनवताना फ्रेमबफरची नक्कल करणारी सोय बंद ठेवली आहे. दोन ग्राफिक्स कार्डं असतील तर एफबी० आणि एफबी१ असे दोन दिसतात, आणि तुमचा मॉनिटर दुसऱ्याला जोडलेला असू शकतो.

रिझोल्यूशन अडकून बसलंय, १०२४ गुणिले ७६८ च्या वर जातच नाही, अशीही स्थिती येते. तेव्हा बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ राहून गेलंय का बघा. इन्स्टॉलेशनच्या वेळी पडदा काळा पडत होता म्हणून कुणीतरी तो शब्द घालतं आणि मग तो तिथेच राहतो. त्यामुळे खरा ड्रायव्हर बाजूला पडतो आणि फर्मवेअरने बूट होताना दिलेल्या रिझोल्यूशनवरच काम चालतं.

## एफबीआय: रोजच्या कामाचा गडी

खऱ्या कन्सोलवर फोटो बघायला ‘एफबीआय’ हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव हेच, आर्चमध्ये ते ‘एफबीआयडीए’ नावाने मिळतं. साधी कमांड: ‘एफबीआय -ए *.जेपीजी’. इथला ‘ए’ मोठा फोटो पडद्यात मावेल असा बसवतो. तो न दिल्यास ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोचा एक कोपरा तेवढा दिसतो आणि चुकीचा फोटो उघडला असं वाटतं. पेज डाउनने पुढचा, पेज अपने मागचा, अधिक आणि उणे चिन्हांनी लहान-मोठा, ‘क्यू’ने बाहेर. स्लाइड शोसाठी ‘-टी ५’ दिलं की दर ५ सेकंदांनी फोटो बदलतो. खालची माहितीची पट्टी नको असेल तर ‘-नोव्हर्बोज’.

एसएसएचवरून हीच कमांड दिली तर ‘व्हीटी गेटस्टेट’चा उल्लेख असलेली आणि ‘लिनक्स कन्सोल नाही का?’ असं विचारणारी एरर येते. एररचं म्हणणं बरोबरच आहे. एफबीआय ज्या टर्मिनलवर चालू झाला ते पीटीएस आहे, आणि कुठल्या कन्सोलचा ताबा घ्यायचा हे त्याला माहीत नाही. तुम्हाला फोटो त्या दूरच्या मशीनला जोडलेल्या मॉनिटरवर दाखवायचा असेल, भिंतीवरच्या सूचनाफलकासाठी उदाहरणार्थ, तर सुडोसह मोठा टी देऊन कन्सोलचा नंबर सांगा: ‘सुडो एफबीआय -टी १ -ए फोटो.जेपीजी’, यातला टी मोठा. मग चित्र पहिल्या कन्सोलवर उमटतं आणि प्रोग्रॅम मागे चालू राहतो. तो बंद करायला ‘सुडो पीकिल एफबीआय’. आधीचा बंद न करता दुसरा, तिसरा चालू करत गेलात तर ते एकावर एक साचतात, आणि कमी मेमरीच्या छोट्या बोर्डावर हे लवकरच जाणवतं.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर तोही समजून घ्या. ६००० गुणिले ४००० चा फोटो डिस्कवर ८ एमबीचा असेल, पण उलगडल्यावर पिक्सेलमागे ३ बाइट धरून ७ कोटी २० लाख बाइटांचा होतो. एफबीआय उलगडलेले फोटो जवळ ठेवतो म्हणजे मागे-पुढे जाणं झटपट होतं, आणि त्यासाठी तो डीफॉल्टने २५६ एमबी धरतो. त्यात असे तीन फोटो मावतात. ५१२ एमबी रॅमच्या बोर्डावर हा आकडा ‘-कॅशमेम’ने खाली आणा.

त्याहून चांगलं म्हणजे फोटो आधीच पडद्याच्या मापाचे करून ठेवणं. चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिक या पॅकेजच्या ‘कन्व्हर्ट’ कमांडमध्ये ‘-रिसाइझ’ला रुंदी, एक्स आणि उंची देऊन शेवटी ‘>’ चिन्ह लावलं की मोठे फोटो लहान होतात आणि लहान फोटो विनाकारण ताणले जात नाहीत. पण हे माप अवतरणचिन्हांत घाला. उघडं ‘>’ शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ‘आउटपुट या फाइलमध्ये टाक’ असं वाटतं आणि पुढे जिचं नाव आहे ती फाइल तो तिथल्या तिथे रिकामी करतो. तुमचा मूळ फोटो त्या नावाचा असेल तर तो गेला.

मोबाइलवर उभे काढलेले फोटो आडवे दिसत असतील तर फिरवण्याची सूचना फोटोच्या फाइलमध्येच कॅमेऱ्याने नोंदवलेल्या एक्झिफ माहितीत आहे आणि ती पाळली गेलेली नाही. एफबीआयडीएबरोबरच येणारं ‘एक्झिफट्रॅन’ हे छोटं हत्यार ‘-एआय’ दिल्यावर जेपीजी फाइल जागच्या जागी, गुणवत्ता न घालवता फिरवतं. वेबपीसारखे नवे प्रकार एफबीआयला स्वतःला उघडता आले नाहीत तर तो पाठीमागे ‘कन्व्हर्ट’ला बोलावतो, म्हणून इमेजमॅजिक बसवलेलं बरं.

‘एफआयएम’ हा एफबीआयवरूनच निघालेला, जास्त वळवता येणारा प्रोग्रॅम आहे. त्याला स्वतःची छोटी कमांडभाषा आहे, व्हिम या एडिटरसारख्या कळा आहेत, आणि फ्रेमबफर नसेल तर तो अक्षरांतही चित्र काढतो. शेकडो फोटो चाळून निवडायचे असतील तर हाच घ्या. एक-दोन फोटोंसाठी एफबीआय.

## डीआरएम: आजची वाट

फ्रेमबफर ही आता जुनी सोय झाली आहे. नवे फ्रेमबफर ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचे नाहीत असं २०१५मध्येच ठरलं. आजचे ड्रायव्हर डीआरएम नावाच्या रचनेत येतात, त्यांची फाइल ‘/डेव्ह/डीआरआय/कार्ड०’ अशी असते, आणि ‘/डेव्ह/एफबी०’ ही बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर चढवलेली नक्कल आहे.

फरक मालकीचा आहे. फ्रेमबफरमध्ये कुणीही येऊन लिहितो आणि शेवटी लिहील त्याचं दिसतं. डीआरएममध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम पडद्याचा धनी. कुठल्या मॉनिटरवर, कुठल्या रिझोल्यूशनवर, कुठली मेमरी दाखवायची हे तो ठरवतो. इतर कुणी मागितलं तर परवानगी मिळत नाही.

मी वर म्हटलेला ‘एरर नाही आणि चित्रही नाही’ हा प्रकार इथेच उलगडतो. डेस्कटॉप चालू असताना त्याच्या टर्मिनलमधून ‘/डेव्ह/एफबी०’मध्ये लिहिलं की बाइट नीट लिहिले जातात, कमांड बिनतक्रार संपते. पण त्या वेळी ग्राफिक्स चिप डेस्कटॉपने दिलेली दुसरीच मेमरी पडद्यावर पाठवत असते. तुमचे बाइट जिथे पडले ती जागा कुणी बघतच नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने खऱ्या कन्सोलवर जा आणि तिथून करा.

डीआरएमवर थेट चित्र दाखवायला ‘एमपीव्ही’ हा व्हिडिओ प्लेअर उत्तम. ‘एमपीव्ही --व्हीओ=डीआरएम --इमेज-डिस्प्ले-ड्युरेशन=इन्फ फोटो.जेपीजी’. शेवटचा पर्याय दिला नाही तर तो फोटोला काही सेकंदांचा व्हिडिओ समजतो आणि दाखवून लगेच बंद होतो. नव्या मशीनवर एफबी० नसेल किंवा एफबीआय रुसला असेल, तर माझ्या मते हाच पहिला पर्याय. वेबपी, एव्हीआयएफ, हलती गिफ, व्हिडिओ, सगळं एकाच कमांडने निघतं.

पीडीएफ बघायचं असेल तर त्याची आधी चित्रं करा. ‘पीडीएफटूपीपीएम’ला ‘-आर १५० -पीएनजी’ दिलं की ए४ पान १२४० गुणिले १७५४ पिक्सेलचं होतं. ते फुल एचडी पडद्यावर पूर्ण रुंदीत बसतं आणि उभ्या दिशेने थोडं सरकवून वाचता येतं.

## एसएसएचवर: चित्राची भाषा

आता दुसरी जागा. तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवरच्या टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरवर शिरला आहात आणि तिथला फोटो तुमच्याच पडद्यावर बघायचा आहे. एफबीआय इथे उपयोगाचा नाही, तो दूरच्या मॉनिटरवर काढेल. इथे चित्राला अक्षरांच्या प्रवाहात बसवून पाठवावं लागतं.

यातली सर्वांत जुनी भाषा सिक्सेल. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९८०च्या दशकातल्या प्रिंटर आणि टर्मिनलांची ही देणगी. कल्पना फार देखणी आहे. एक अक्षर म्हणजे एकाखाली एक असे सहा ठिपके. सहा ठिपके चालू-बंद करण्याचे ६४ प्रकार होतात, आणि त्यांना प्रश्नचिन्हापासून ‘~’ पर्यंतची ६४ छापता येणारी चिन्हं नेमून दिली आहेत. चिन्हाच्या अंकातून ६३ वजा करायचे. प्रश्नचिन्ह ६३, उरलं ०, सगळे ठिपके बंद. ‘@’ ६४, उरला १, फक्त सर्वांत वरचा चालू. ‘~’ १२६, उरले ६३, सहाही चालू. ‘$’ आलं की त्याच पट्टीच्या सुरुवातीला परत जाऊन पुढचा रंग भरायचा, ‘-’ आलं की खालच्या सहा ओळींच्या पट्टीवर जायचं. साध्या अक्षरांतून जात असल्यामुळे एसएसएचला यात काहीच वेगळं करावं लागत नाही.

तुमच्या टर्मिनलला सिक्सेल येतं का, हे त्यालाच विचारता येतं. एस्केप, चौकोनी कंस आणि लहान सी, एवढं पाठवलं की टर्मिनल अर्धविरामांनी तोडलेले आकडे परत देतो. त्यात सुटा ४ असेल तर सिक्सेल येतं. फूट, वेझटर्म, कन्सोल या नावाचा केडीईचा टर्मिनल, विंडोज टर्मिनलच्या नव्या आवृत्त्या, या सगळ्यांना ते येतं. एक्सटर्मला व्हीटी३४० या जुन्या टर्मिनलची नक्कल म्हणून चालू करावं लागतं. लिनक्सच्या खऱ्या आभासी कन्सोलला सिक्सेल येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

दुसरी भाषा किटी या टर्मिनलने आणली. त्यात चित्राचे बाइट बेस६४ मध्ये बदलून ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांत पाठवतात. बेस६४ मध्ये ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबी होऊन जातो, पण रंग जसेच्या तसे पोचतात. घोस्टीसारख्या इतर टर्मिनलांनीही ही भाषा उचलली आहे.

या भाषांची घोकंपट्टी तुम्ही करायची गरज नाही. ‘चाफा फोटो.जेपीजी’ एवढं म्हणा. चाफा हा प्रोग्रॅम समोरचा टर्मिनल ओळखायचा प्रयत्न करतो आणि त्याला झेपेल ती भाषा निवडतो. ओळखण्यात चुकला तर ‘-एफ सिक्सेल्स’ किंवा ‘-एफ किटी’ असं स्पष्ट सांगा. माप ‘--साइझ’ने द्या.

मध्ये टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम, असेल तर गडबड होते. टीमक्स हा स्वतःच एक टर्मिनल आहे आणि त्याला न समजणारे संकेत तो गिळून टाकतो. सिक्सेल त्याला ३.४ आवृत्तीपासून येतं, तेही बांधताना ती सोय चालू ठेवली असेल तरच. चित्र दिसत नसेल तर आधी टीमक्समधून बाहेर पडून बघा.

## काहीच नसेल तर ठोकळे

सिरियल केबल असो की अगदी साधा टर्मिनल, अक्षरांचं चित्र सगळीकडे चालतं. युक्ती एका चिन्हात आहे: ‘▀’, वरचा अर्धा ठोकळा. अक्षराचा रंग वरच्या अर्ध्याला मिळतो, पार्श्वभूमीचा रंग खालच्या अर्ध्याला. एका अक्षराच्या घरात दोन रंगीत ठिपके बसले. घर ८ रुंद आणि १६ उंच असलं की अर्धं घर ८ गुणिले ८, म्हणजे चौरस होतं आणि चेहरे लांबुडके दिसत नाहीत.

८० गुणिले २४ च्या पडद्यावर असे ८० गुणिले ४८ ठिपके मिळतात. पूर्ण रंग दिले तर दोन रंगांचे संकेत आणि चिन्ह मिळून एका घराला ४१ बाइटांपर्यंत लागतात, १,९२० घरांचे सुमारे ७९ हजार. मघाच्या सिरियल केबलवर हे सातेक सेकंदांत पोचतं. फोटो कुणाचा, पावती कुठली, आलेख चढता की उतरता, इतपत कळतं. बारीक छापलेलं काही वाचता येत नाही.

खऱ्या कन्सोलवर हेच केलं तर रंग फिके आणि ढोबळ दिसतात. तिथे अक्षराला १६ आणि पार्श्वभूमीला ८ रंग एवढीच मर्यादा आहे. लाखो रंगांचे संकेत कन्सोल स्वीकारतो, पण जवळच्या रंगावर आणून ठेवतो. चाफाला ‘-सी १६’ आधीच सांगितलं तर तो रंग विचार करून वाटतो आणि चित्र खूपच सुधारतं. ब्रेल ठिपक्यांचे पर्याय तिथे वापरू नका. कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात आणि ब्रेल त्यांत बहुधा नसतं, मग प्रत्येक घरात एकच बदली चिन्ह येतं.

याच ५१२च्या मर्यादेमुळे खऱ्या कन्सोलवर मराठीही वाचता येत नाही. चिन्हं कमी पडतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळवण्याची यंत्रणा तिथे मुळातच नाही. यावर वाट या लेखाच्या विषयातच आहे. ‘पँगो-व्ह्यू’ ही कमांड मजकुराच्या फाइलचं चित्र करून देते. ‘-क्यू’ने खिडकी उघडणं टाळायचं, ‘--फाँट’ने देवनागरी फाँट आणि माप सांगायचं, ‘--विड्थ’ने रुंदी आणि ‘-ओ’ने पीएनजीचं नाव. मग ते पीएनजी एफबीआयमध्ये उघडा. जोडाक्षरं अगदी नीट दिसतात.

## पडदा गोठला तर

कन्सोलवरचा चित्रदर्शक चालू होताना कर्नलला सांगतो, ‘आता मी काढतोय, तू अक्षरं काढू नकोस’. बाहेर पडताना तो ताबा परत देतो. ‘किल -९’ने मारलात तर परत द्यायची संधीच त्याला मिळत नाही. मशीन चालू असतं, टाइप केलेलं पोचतही असतं, पण पडद्यावर जुनाच फोटो. म्हणून आधी नुसतं ‘किल’ वापरा, त्यात प्रोग्रॅमला आवराआवर करता येते.

झालंच, तर ऑल्ट-एफ२ ने दुसऱ्या कन्सोलवर जाऊन बघा, तिथलं कामकाज बहुधा सुरळीत असतं. कळाही चालत नसतील तर एसएसएचवरून ‘सुडो सीएचव्हीटी २’. अडकलेला कन्सोलच मोकळा करायचा असेल तर त्याच्यावर असताना ऑल्ट, सिसआरक्यू आणि के एकत्र दाबा. त्या कन्सोलवरचे सगळे प्रोग्रॅम बंद होतात, तो पुन्हा अक्षरांच्या अवस्थेत येतो आणि नवी लॉगिनची ओळ दिसते. काही वितरणांत ही कळ बंद ठेवलेली असते, आणि त्या कन्सोलवर अर्धवट राहिलेलं, न साठवलेलं काम मात्र जातं.